धावायचं नाही

मार्चमधला दुसरा शनिवार, सकाळी साडेआठ. ठिकाण ब्राउनश्वाइगच्या बाहेर, बंद पडलेल्या वीटभट्टीचं मैदान. हजर: सात प्रशिक्षणार्थी, मी आणि माझी बायको सुजाता. ती फक्त चहाचे थर्मास द्यायला आली होती, पण शेवटपर्यंत थांबली. फी काही नव्हती. मैदानाचं भाडं मी जिथे नोकरी करतो त्या फर्मने माफ केलं होतं.

मी भारतीय सेनेत इंजिनिअर रेजिमेंटमध्ये अठरा वर्षं काढली आणि हवालदार म्हणून निवृत्त झालो. सुजाताला इथल्या एका संशोधन संस्थेत जागा मिळाली म्हणून आम्ही जर्मनीत आलो. इथेही माझं काम जवळपास तेच आहे. इमारतीचा पाया खणण्याआधी जमीन तपासायची आणि दुसऱ्या महायुद्धातला न फुटलेला बॉम्ब कुठे आहे ते सांगायचं. तो निकामी करणारे सरकारी तज्ज्ञ वेगळे. या देशातला हुकूमशहा परदेशी सैन्यांनी पाडला, त्याला ऐंशी वर्षं होऊन गेली. पाडताना आकाशातून जे पडलं, ते आम्ही अजून शोधतो आहोत.

समोर उभे असलेले सात जण दुसऱ्या एका देशातून पळून इथे आलेले होते. त्या देशाचं नाव लिहीत नाही, कारण त्यांच्यातले बहुतेक आज तिथे काम करत आहेत. तिथला हुकूमशहा नुकताच गेला होता. लोक उठले होते, पण लोकांकडे विमानं नव्हती. विमानं परदेशातून आली. राजवाडा पडला त्या रात्री इथल्या चौकातही त्यांची माणसं झेंडे घेऊन नाचली. मग लोक गावी परतू लागले आणि इथे फोन येऊ लागले. हुकूमशहाच्या फौजेने माघार घेताना शेतांत, विहिरींभोवती, शाळांच्या मैदानांत सुरुंग पेरले होते. मदतीला आलेल्या विमानांनी टाकलेले लहान बॉम्बही सगळे फुटले नव्हते. शत्रूने पुरलेलं आणि मित्राने टाकलेलं, दोन्ही एकाच मातीत होतं. कोणाचं काय आहे, हे पायाला कळत नाही.

तिथे एक मदतसंस्था सुरुंग काढण्यासाठी माणसं घेणार होती. पूर्ण प्रशिक्षण तीच देणार होती, पण ज्यांना पायाभूत काम येतं त्यांना आधी घेणार होती. माझ्या मुलीचा, मृणालचा, हात मोडला होता तेव्हा या सातांपैकी हाला त्या वॉर्डात नर्स होती. ओळख तिथली. शिकवाल का, असं तिनेच विचारलं. तिचा धाकटा भाऊ बासेल इलेक्ट्रिशियन होता. दोघांनी कामावरून बिनपगारी रजा मागितली होती.

"सैन्यात शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात," मी पहिल्या दिवशी सांगितलं. बोलणं जर्मनमध्येच चालायचं.

"आमच्याकडेही हाच शब्द आहे," बासेल म्हणाला. "फक्त आमचे उस्ताद आधी चहा पाजतात."

"द्या हो त्यांना," सुजाता मराठीत म्हणाली. "गारठलेत बिचारे."

"चहा साडेदहाला."

बासेलला न सांगताही कळलं. "गेनाऊ, अगदी बरोबर! साडेदहा म्हणजे साडेदहा. नऊ वर्षं मी या देशात आहे, उस्ताद. तुमच्याइतका जर्मन माणूस भेटला नव्हता."

सगळे हसले. चहा साडेदहालाच दिला.

काम कंटाळवाणं असतं, आणि ते कंटाळवाणंच असलं पाहिजे. मीटरभर रुंदीची पट्टी आखायची. तिला आम्ही लेन म्हणतो. धातू शोधणारा डिटेक्टर फिरवायचा. तो वाजला की पोटावर झोपायचं आणि टोकदार सळई तिरकी धरून माती टोचत जायचं, दोन टोचण्यांमध्ये दोन बोटांचं अंतर. एका लेनवर एकच माणूस. तपासलेल्या जागेला पांढरी खूण, न तपासलेल्या जागेला लाल. मी मैदानात खोटे सुरुंग पुरले होते. चुकलं की भोंगा वाजायचा. पहिल्या शनिवारी भोंगा दिवसभर वाजत होता. तिसऱ्या शनिवारी दोनदा वाजला. हालाचा हात सगळ्यांत स्थिर होता. शिरेत सुई घालणाऱ्या माणसाला माती टोचायला वेगळं शिकवावं लागत नाही.

चौथ्या शनिवारी मी बासेलला बाजूला घेतलं. "अकरा वाजता पडायचं आणि ओरडायचं. कोणाला सांगायचं नाही."

"ओरडायची संधी तर मी वर्षभर शोधतोय," तो म्हणाला.

अकरा वाजता तो पडला. हातात सळई असलेले सहाच्या सहा जण धावले. लाल खुणांवरून धावले. सगळ्यांत पुढे हाला होती. चार ठिकाणी भोंगे वाजले. ती भावाजवळ पोचली तेव्हा तो पोट धरून हसत होता.

मी म्हणालो, "एक जखमी. सहा मेले. जखमीला आता पाणी द्यायलाही कोणी नाही."

हाला माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या गुडघ्यांना चिखल लागला होता.

"तुम्हाला भाऊ आहे?"

"दोन."

"मग?"

तेव्हा मी त्यांना शेलार आणि गायकवाडची हकिगत सांगितली. इथेही तेवढीच लिहितो. शांतिसेनेच्या निळ्या हेल्मेटमध्ये आम्ही आफ्रिकेतल्या एका देशात होतो. तिथलाही सत्ताधीश परदेशी मदतीने घालवला होता आणि बाजाराचा रस्ता मोकळा करायचं काम माझ्या सेक्शनकडे होतं. नाईक शेलारचा पाय सुरुंगावर पडला. लान्स नाईक गायकवाड त्याच्या शेजारच्या गावचा. दोघं एकत्र भरती झाले होते. मी "थांब" असा हुकूम दिला. गायकवाड थांबला नाही, शेलारकडे धावला. दुसरा सुरुंग शेलारपासून चार पावलांवर होता. शेलार वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. गायकवाडला उचलण्यात आमचा वेळ गेला. दोघंही गेले.

मी फळ्यावर नियम लिहिला. स्फोट झाला की सगळ्यांनी जागेवर थांबायचं. टीम लीडरने एकाला नेमायचं. त्या एकाने जखमीपर्यंत नवी लेन तपासत जायचं, नेहमीच्याच पद्धतीने, कारण स्फोटानंतर जुन्या खुणांवर भरवसा ठेवता येत नाही. जखमीशी बोलत राहायचं. आवाज पुढे पाठवायचा, पाय नाही. आणि धावायचं नाही.

पुढचे तीन शनिवार मी कधीही, कोणालाही पाडायचो. बाकीचे हळूहळू थांबायला शिकले. हाला दुसरं कोणी पडलं की थांबायची. बासेल पडला की धावायची. तीनदा धावली. तिसऱ्या वेळी दोन पावलांत थांबली, पण दोन पावलंही पुष्कळ असतात.

मदतसंस्थेने माझ्याकडे नावं मागितली होती. कोण लायक आहे हे मी सांगायचं होतं. मी दोघा भावंडांना वेगवेगळ्या टीममध्ये जायला सुचवलं.

"आणि वायरलेसवर त्याच्या टीमचा स्फोट ऐकायचा?" हाला म्हणाली. "तिथून तर मी गाडी घेऊन धावेन."

रविवारी बासेल एकटाच घरी आला. सुजाताने थालीपीठ लावलं होतं. त्याने चार खाल्ली, मृणालला तिच्या गणितावरून चिडवलं, मग तिला आत जायला सांगितलं.

"उस्ताद, तिला नापास करा."

"का?"

"आईवडिलांना आम्ही दोघंच. एक इथे राहिला पाहिजे. माझं ती ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

"ती नापास झाली तर नापास करीन. पास झाली तर पास."

"आल्झो, असं तर," तो म्हणाला आणि ताटाकडे बघत राहिला. "मग मी चांगला पडेन."

तो गेल्यावर सुजाता म्हणाली, "अहो, एवढं सरळ नसतं उत्तर द्यायचं."

"दुसरं कोणतं देणार?"

तिने ताट उचललं.

शेवटची चाचणी मेमध्ये झाली. टीम लीडर मी हालाला केलं होतं. सुट्टी होती म्हणून मृणालही मैदानावर आली होती. बासेल चांगला पडला. ठरल्यापेक्षा चांगला. नुसता ओरडला नाही, तर बहिणीला घरात लहानपणी ज्या नावाने हाक मारायचे त्या नावाने हाक मारत राहिला. मला भाषा येत नाही, पण तो काय करतो आहे ते कळलं. हालाचा एक पाय उचलला गेला आणि तिथेच खाली आला.

"सगळे जागेवर," ती म्हणाली. "लेन मी घेते. बासेल, हलू नकोस. तुझा उजवा हात दिसू दे."

ती पोटावर झोपली आणि टोचत निघाली. मध्ये मी पुरलेला एक खोटा सुरुंग होता. तो तिला सापडला, तिने खूण केली आणि वळसा घेतला. बासेल ओरडायचं थांबला होता. ती त्याच्यापर्यंत पोचली, नाडी पाहिली, रक्त थांबवायचा पट्टा बांधला आणि मग त्याला एक सणसणीत थप्पड मारली.

"हे नियमात आहे का, उस्ताद?" गाल धरून बासेलने विचारलं.

"नाही. पण चालेल."

मी सातही नावं दिली. माझ्या सेवेत मी अनेक तुकड्या तयार केल्या. ही तुकडी त्यातल्या कोणत्याही तुकडीशेजारी उभी केली असती.

जूनमध्ये ते गेले. संस्थेने त्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकवलं आणि कामाला लावलं. हालाला टीम लीडर केलं. बासेल फोटो पाठवायचा: उसवलेले बूट, वाळूने भरलेला चहाचा पेला, खाली मजकूर, "साडेदहा."

सप्टेंबरमध्ये त्यांच्या टीमला भावंडांच्याच गावच्या शाळेचं मैदान मिळालं. पुढचं मी हाला आणि तिच्या वायरलेस ऑपरेटरकडून ऐकलेलं लिहितो.

सकाळी नऊच्या सुमारास स्फोट झाला. विमानातून पडलेला लहान बॉम्ब होता, भिंतीच्या कडेला मातीत गेलेला. बासेलने तो उघडा केला होता, खूण करत होता. तो का फुटला हे कोणालाच कळलं नाही. त्याच्या कामात चूक नव्हती, असं चौकशीत निघालं. बासेल जिवंत होता. डावा पाय गेला होता. हाला त्याच्यापासून अकरा मीटरवर होती.

वायरलेसवर तिचे तीन निरोप आहेत.

"सगळे जागेवर."

"लेन मी घेते."

"गाडी रस्त्यावरच. आत आणायची नाही."

गावातले लोक कुंपणाशी जमले होते. एक बाई ओरडली, "भाऊ मरतोय आणि ही माती उकरत बसलीय!" हालाने मान वर केली नाही. ती भावाशी बोलत होती. पट्टा कसा बांधायचा ते तिने सांगितलं आणि त्याने स्वतःच्या हाताने बांधला. मग तो म्हणाला, घाई कर. ती म्हणाली, नाही. तो म्हणाला, मी गंमत करत होतो.

अकरा मीटरला पाऊण तास लागला. त्या अकरा मीटरमध्ये तिला दोन सुरुंग सापडले. दोन्ही सरळ रेषेत, ती धावली असती त्याच वाटेवर. तिने खुणा केल्या, वळसा घेतला, पोचली. स्ट्रेचरची माणसं तिच्या लेनमधून आत गेली आणि त्याच लेनमधून त्याला घेऊन बाहेर आली. बासेल शुद्धीवर होता. हॉस्पिटलच्या वाटेवर, गाडीत, तो गेला. वय चौतीस.

हालाचा फोन संध्याकाळी आला. मी स्वयंपाकघरात होतो.

"उस्ताद, बासेल गेला."

मी उभा राहिलो.

"मी धावले नाही," ती म्हणाली.

"तुझी टीम?"

"पाच जण. सगळे ठीक. वाटेत दोन होते."

"शाबास," मी म्हणालो. तिने फोन ठेवला.

सुजाताने गॅस बंद केला. मृणाल दारात उभी होती. तिला मराठी कळतं, उत्तर ती जर्मनमध्ये देते. तिने एकच विचारलं, हाला धावली का. मी नाही म्हणालो. ती माझ्याजवळ येऊन बसली. त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही.

हाला परत येईल असं मला वाटलं होतं. तीन आठवड्यांनी ती त्याच मैदानावर कामाला लागली. ते नोव्हेंबरमध्ये पूर्ण झालं.

सुरुंग काढणाऱ्यांची एक पद्धत आहे. जमीन ताब्यात देताना कागद देऊन भागत नाही. ज्यांनी ती तपासली, त्यांनी हातात हात घालून, खांद्याला खांदा लावून, गावकऱ्यांसमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. मग दुसरी पट्टी, मग तिसरी. लोक कागदावर नाही, चाललेल्या पावलांवर विश्वास ठेवतात. त्या दिवशी वायरलेस ऑपरेटरने आम्हाला व्हिडिओ कॉल लावून दिला. सुजाता, मृणाल आणि मी बघत होतो.

रांगेत बासेलची जागा मोकळी ठेवावी, असं टीममधले काही म्हणाले. हालाने नकार दिला. जिथून कोणी चाललं नाही, ती जमीन देता येत नाही. तेव्हा गावातच राहिलेले दोघा भावंडांचे वडील पुढे आले. वय चौऱ्याहत्तर. त्यांनी काठी कुंपणाला टेकवली, एक हात मुलीच्या हातात दिला, दुसरा शेजारच्या माणसाच्या, आणि रांग निघाली. म्हाताऱ्या माणसाच्या चालीने सगळे चालले. भिंतीपाशी पोचल्यावर त्यांनी भिंतीला हात लावला. मग मागे वळून कुंपणाबाहेरच्या पोरांना म्हणाले, या.

नाईक शेलार आणि लान्स नाईक गायकवाड गेले तो रस्ता आज वाहता आहे. बाजाराच्या गाड्या त्यावरून जातात. बासेल गेला त्या मैदानावर शाळेची प्रार्थना होते. रोज किती जण तिथून चालतात, हा आकडा माझ्याकडे नाही. कोणी ठेवतही नाही. तो कोणाला ठेवावा लागू नये, एवढ्यासाठीच ते तिघं तिथे गेले होते.