कुरळ्या राजाचं डोकं

टोपमावशींना सगळे नाटकवाले वचकून असत. तोंड फटकळ, सुई धारदार. जाळीवर एकेक केस गाठून टोप बनवायचे, हा त्यांचा उभ्या जन्माचा धंदा. आधी नटाच्या डोक्याचा प्लास्टरचा साचा काढायचा, त्यावर टोप बेतायचा आणि साचा फळीवर ठेवून द्यायचा. दुकानात अशी पांढरी टकली ओळीनं बसलेली. कोपऱ्यातलं एक मात्र मावशी स्वतः पुसत, तेही जरा जोर लावूनच.

ते कुरळ्या राजाचं. शहर त्याला याच नावानं ओळखायचं. पडद्यावर त्यानं नुसती मान झटकली, की बायका खुर्चीतून अर्ध्या उठायच्या. त्या बटा कुणाच्या, हे मावशी आणि त्यांच्या बहिणीलाच ठाऊक. मावशींच्या पाठची ती धाकली. तिचे कुरळे केस गुडघ्यापर्यंत. "पहिला सिनेमा गाजला की आपलं लग्न," असं राजा म्हणाला, आणि त्या खुळीनं आपण होऊन कात्री ताईच्या हातात दिली. सिनेमा गाजला. राजानं लग्न केलं ते निर्मात्याच्या मुलीशी. वर मुलाखतीत म्हणाला, "असे केस मागून मिळत नाहीत, देवानंच द्यावे लागतात." केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. धाकलीनं पुन्हा केस वाढवले नाहीत. मागच्या खोलीत मान खाली घालून ती लोकांचे टोप गाठत राहिली.

राजा मेला तेव्हा मावशींना वाईट वाटलं. हातातून निसटला म्हणून.

पुढे नगरपालिकेनं चौकात पुतळा बसवायचं काढलं. कुणाचा, हे ठरवायला समिती नेमली आणि नाट्यगृहातर्फे मावशींना घेतलं. शेवटी नावं दोनच उरली. एक राजा, दुसरा शर्यती गाजवलेला एक घोडेस्वार. घोडेस्वाराच्या मुलांना बाप घोड्यासकट हवा होता. घोड्याला केवढा धातू लागेल, या विचारानंच अध्यक्षांना घाम फुटला.

"मग ठराव करून मोकळे व्हा ना," मावशी म्हणाल्या. "जे माणसाच्या अंगचं नाही, ते पुतळ्यावर नाही. घोडा नको, तलवार नको, मुकुट नको."

सुटलो एकदाचे, म्हणून सगळ्यांनी पटापट सह्या केल्या.

मतं समसमान पडली. उरल्या मावशी. राजाचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, हे जगजाहीर होतं. समितीतले घोडेस्वाराच्या बाजूचे एक मास्तर मिशीत हसायलाही लागले.

"माझं मत राजाला."

"अहो मावशी, तुम्ही?" मास्तरांचं हसू तिथंच वाळलं.

"का? मोठा माणूस. उभा करा चौकात. सगळ्यांना नीट दिसू दे."

शिल्पकार फोटो मागायला दुकानात आला. मावशींनी फळीवरचा साचा काढून त्याच्या हातात ठेवला. "फोटो खोटं बोलतात. हे घ्या, अस्सल त्याचंच."

मातीचा नमुना पाहून अध्यक्ष धापा टाकत आले. "मावशी, टक्कल केलंय हो त्यानं!"

"विशीतच पडलं होतं. टोप मी केलेला."

"आणि ते केस?"

मागच्या खोलीतली सुई थांबली. "माझ्या बहिणीचे," मावशी मोठ्यानं म्हणाल्या, तिला ऐकू जाईल इतक्या.

अध्यक्षांनी मागच्या खोलीकडे नजर टाकली. मग म्हणाले, "असतील हो. पण लोक ओळखणार कसे? चार बटा चिकटवून टाकू."

"अंगचं नाही ते पुतळ्यावर नाही. सही तुमचीच आहे. ठराव मोडायचा तर खुशाल मोडा. ती मुलं घोडा घेऊन दारातच उभी आहेत."

अध्यक्ष आल्या पावली परत गेले.

पुतळ्यावरचा पडदा सरकला तेव्हा ऐन दुपार होती. टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. गर्दीतून कुणीतरी विचारलं, "हा कोण?"

या दोन शब्दांसाठी मावशी इतकी वर्षं तग धरून होत्या. त्यांनी ते चवीचवीनं ऐकले. शेजारी धाकली. तिला अक्षरशः ओढत आणलं होतं. ती कितीतरी वेळ वर बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "ताई, उन्हात डोकं फार तापायचं गं त्याचं. निदान टोपी तरी…"

"तापू दे," मावशी म्हणाल्या, आणि समोरच्या बाकावर ठाण मांडून बसल्या.