उसनी वाक्यं

प्रॉम्प्टरचा सगळा जन्म विंगेत गेला. नटाची जीभ अडखळली की अंधारातून पुढचं वाक्य पुरवायचं, हे त्याचं काम. पण ती वाक्यं त्याच्यासोबत घरी यायची, आणि हा भाबडा माणूस त्यांना दाराबाहेर ठेवायचा नाही.

राजेरजवाड्यांच्या नाटकांची चलती होती तेव्हा त्याचं लग्न झालं. "प्रिये, या दासाला चहाचा एक प्याला मिळेल का?" असं तो विचारायचा आणि नवी नवरी लाजून चूर व्हायची. मग नव्या नाटककारांची लाट आली. त्यांची पात्रं वाक्य अर्ध्यावर सोडून भिंतीकडे बघत बसायची. हाही जेवताना भिंतीकडे बघू लागला. बिचारीने पोट बिघडलंय समजून त्याला औषध पाजलं. पुढे मालिका आल्या, आणि साधं मीठ मागतानाही तो तीनदा मान वळवू लागला.

तिने सगळं हसण्यावारी नेलं. पण तिची धाकटी बहीण वारली, तेव्हा हा जवळ बसून म्हणाला, "फूल गळतं, सुगंध मागे राहतो." वाक्य गोड होतं. तिने ते त्याच्याच तोंडून तालमीत ऐकलेलं होतं.

"माझ्या बहिणीलासुद्धा उसनंच वाक्य?" ती म्हणाली आणि पिशवी भरून भावाकडे निघून गेली. जाताना बजावलं, "स्वतःचं एक वाक्य सापडलं की न्यायला या."

बरेच दिवस धीर गोळा करून तो मेहुण्याच्या दारात उभा राहिला.

"तुझ्यावाचून हे सदन..."

"हे राजाचं," ती म्हणाली.

तो वाक्य अर्ध्यावर सोडून भिंतीकडे बघू लागला.

"हे नव्या नाटकातलं."

आता मात्र त्याची खरोखरच बोबडी वळली. आयुष्यभर दुसऱ्यांना सावरलं, आणि याला पुढचा शब्द द्यायला विंगेत कोणी नव्हतं. त्याचा चेहरा बघून तिलाच राहवेना. ती हळूच म्हणाली, "करमत नाही म्हणा."

त्याने मान हलवली. "नको, ते तुझं झालं." मग चाचरत म्हणाला, "चहा... रोज दोघांचाच टाकला जातो."

"दुसरा कोण पितं?"

"कोणी नाही. तसाच राहतो ओट्यावर. ओतून देववत नाही."

मेहुणा आतून ओरडला, "ताई, हे कुठल्या नाटकातलं गं?"

"कुठल्याच नाही," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसत चपला शोधू लागली.