विहीर आमची, डाळ शेजारणीच्या पाण्याची

मैत्रिणींनो, आज डोकं फिरलंय माझं. नातवाने वाडीत पाहुण्यांसाठी कॅरव्हान, म्हणजे चाकांवरचं घर, आणून ठेवलंय. सकाळी त्यात उतरलेली बाई अंगाला साबण लावून उभी, आणि शॉवरचं पाणीच बंद. काढून बघितला तर सगळी भोकं क्षाराच्या पांढऱ्या पुटाने बुजलेली. लिंबू चोळून चोळून माझे हात दुखले.

वर आमचे हे म्हणतात, "गाडीच खराब हाय. आपल्या विहिरीत खोट नाय."

साठच्या दशकात तारापूरला वीजकेंद्र बांधत होते, तेव्हा तिथे कामाला आलेलं कराडकडचं जोडपं आमच्याकडे भाड्याने होतं. त्या बाईची तूरडाळ आमच्या पाण्यात काही केल्या शिजेना. तेव्हाही हे म्हणाले, "डाळच जुनी हाय तुमची." तिने नवी आणली, तीही शिजली नाही.

मी तेव्हा नवी नवरी. वाद नको म्हणून डाळीपुरती कळशी गुपचूप शेजारणीच्या विहिरीवरून आणायला लागले. आजही डाळीला तेच पाणी असतं.

दुपारी जेवताना हे त्या पाहुणीला ऐटीत म्हणाले, "बगा, आमच्या पाण्यात डाळ कशी मऊ शिजते."

बोलू, की गप्प बसू?