वेबसाइट कोणाकडं द्यायची

सणसवाडीच्या आमच्या कारखान्यात शेतीची औजारं बनायची. गोदाम सांभाळणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणायचे. पेरणीयंत्र टेंपोत चढवायच्या आधी मामा त्याचं चाक एकदा हातानं फिरवायचे, कान लावून ऐकायचे आणि मगच म्हणायचे, "व्हय, जाऊ द्या."

पुण्याच्या एका माणसानं कारखान्याची वेबसाइट करून दिली, तेव्हा शेठनी विचारलं, "ह्यातली माहिती येळच्या येळी बदलायचं कोण बघणार?"

मामा म्हणाले, "मला शिकवा की. काय बंद झालं, काय नवं आलं, मलाच आधी कळतं."

"मामा, तिथं इंग्रजी लागतं," मी म्हणालो. सगळे हसले. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. काम मला मिळालं.

पुढं जुनं पेरणीयंत्र बंद झालं. ते वेबसाइटवरून काढायची मामांनी मला दोनदा आठवण करून दिली. मी "करतो" म्हणालो आणि केलं नाही.

मग दौंडहून एक शेतकरी भाड्याचा टेंपो घेऊन तेच यंत्र न्यायला आला. त्याच्या हातात आमच्याच वेबसाइटचा छापील कागद होता. पेरणी तोंडावर आलेली. शेठ कडाडले, "चूक कुणाची?"

मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो, हे मामांना ठाऊक होतं.

"माझी," मामा म्हणाले. "ह्या वेबसाइटवाल्या साहेबांना सांगायचं राहिलं."

"आन् तुम्हाला वेबसाइट पायजे होती!" शेठ म्हणाले.

मामा स्वतःच आधी हसले, मग बाकीचे. हसणाऱ्यांत मीही होतो.