उभी गाडी, चालू इंजिन

माझे वडील पनवेलच्या बस डेपोत नव्या ड्रायव्हरांना शिकवायचे. गाडी उभी, तर इंजिन बंद, हा त्यांचा मंत्र. उगाच रेस देऊ नका, लांबूनच बघून पाय उचला, म्हणजे निम्मे ब्रेक लागणारच नाहीत. डेपोत सांगत तोवर ठीक होतं. घरी आई चहा गाळायला वळली की ते मागून जाऊन स्टो बंद करत.

साठ सालच्या सुमारास माझं लग्न झालं. सासर उरणचं. पाठवणीच्या वेळी वऱ्हाडाची भाड्याची जुनी बस दारात धडधडत उभी होती. मी आत बसून, खिडकीतून आईचा हात धरून रडत होते. बाबाही डोळे पुसत होते, आणि पुसता पुसता त्यांचं लक्ष त्या आवाजाकडे गेलं. झालं! तरातरा गेले, ड्रायव्हरच्या खिडकीतून हात घातला आणि इंजिन बंद करून मोकळे.

"दादा, आता ती चालू नाय व्हायची!" ड्रायव्हर ओरडला. "बॅटरी उतरलेली हाय, म्हणून तर चालू ठेवली व्हती."

वऱ्हाड खाली उतरलं. बसलेल्या नवरीला पुन्हा उतरवायचं नाही, म्हणून मी तेवढी आत. फेटेवाले चुलतसासरे, मुंडावळ्या मागे सारलेला नवरा, सगळे बस ढकलायला लागले. त्यांच्यात बाबाही होते, उपरणं धुळीत लोळत होतं.

"व्याह्यांनी डिझेल वाचवलं आणि घाम आमचा काढला!" चुलतसासरे म्हणाले. सगळे हसले. बाबाही हसले, पण जरा उशिरा.

धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. मान खाली घातली ती उरण येईपर्यंत वर केली नाही. सून लाजाळू आहे हो, असं सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

पुढे आल्यागेल्याला ती गोष्ट रंगवून सांगितली जाई. मी कामाचं निमित्त करून आत जायचे. बाबांचा रागच यायचा. एक दिवस जळू दिलं असतं डिझेल, तर काय बिघडलं असतं?

दिवाळसणाला आम्हां दोघांना न्यायला बाबा टॅक्सी घेऊन आले. सासूबाई आत बोलवत होत्या, पण ते ओटीवरच उभे राहिले. अंगणात टॅक्सी धूर सोडत चालूच. चहा झाला, लाडू झाले, नवऱ्याची बॅग सापडेना ती शोधून झाली, तरी इंजिन चालूच. बाबा एकदाही तिकडे बघेनात. मी टॅक्सीवाल्याला विचारलं, बॅटरी खराब आहे का?

"नाही ताई, नवी आहे. साहेबच म्हणाले, या दारात गाडी बंद करायची नाही."

बस ढकलली जाताना वाटली नव्हती एवढी लाज मला तेव्हा वाटली, आणि ती बाबांची नव्हती.

"बंद करा इंजिन," मी म्हटलं, आत चुलतसासऱ्यांना ऐकू जाईल असं.

"अगं, राहू दे," बाबा पुटपुटले. "पुन्हा सुरू नाही झाली तर..."

"तर मी ढकलीन."