उच्चारांचे आठ गुण

समारंभात गुलाबपाणी शिंपडलं, की मला नव्वदच्या दशकातली नाशिकची ती आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा आठवते; तिथेही दारात ते शिंपडत होते. विषय होता, लाकडी खोपटात वाढून अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या माणसाचं शिक्षण. पहिल्या नंबराला शहरातल्या वसतिगृहात फुकट राहून शिकायची सोय होती. मी परीक्षक होतो. मी ज्या शिक्षणसंस्थेत शिकवत होतो, तिच्या अध्यक्षांच्या नातवाने मीच लिहून दिलेलं भाषण हातवारे करत म्हटलं; 'ज्ञानसूर्य' हा शब्द त्यात पाच वेळा होता. मग डोंगराळ पेठ तालुक्याकडची एक मुलगी उभी राहिली. हातात कागद नव्हता. "त्याला लय लांब चालत जाऊन पुस्तक मागाया लागायचं. आमच्या शाळेत पुस्तकांचं कपाट हाय, पण त्याला कुलूप हाय. सर म्हणतात, पुस्तकं मळतील. तो आमच्या शाळेत असता, तर राष्ट्राध्यक्ष झाला नसता." सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष माझ्याकडे वाकून म्हणाले, "काय गुरुजी, ही गावंढळ पोरगी पहिली काढता का आता?" मी लाचारासारखा हसलो आणि तिचे उच्चारांचे आठ गुण कापले. निकालानंतर तिने मला पायऱ्यांवर गाठलं. "सर, माझं काय चुकलं?" "भाषा शुद्ध कर," मी म्हणालो. "आता कुठं करू?" ती म्हणाली. पहिल्या आलेल्या नातवाच्या घरचा शहरातच बंगला होता. वसतिगृहातली ती खाट वर्षभर रिकामी राहिली. तिचं काहीच चुकलं नव्हतं, हे मी आज लिहून ठेवतो. पक्षपात होऊ नये म्हणून आम्ही गुणपत्रिकेवर नावं लिहीत नसू, फक्त क्रमांक. त्यामुळे माफी कुणाची मागायची, हेही मला माहीत नाही.