परी आणि आमच्या घरातला फोन

घरात एक लहान मूल आणि एक मोबाइल असला की किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. रोज एक तरी घडतोच. संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या बाया ओट्यावर बसल्या की मला हाक मारायच्या, "वैशे, आज परीचं काय नवीन?" मी तशी कमी बोलणारी. वर्गात सरांनी प्रश्न विचारला तर उत्तर येत असूनही उठत नाही. पण परीचे किस्से मला सांगता यायचे आणि सगळ्या पोट धरून हसायच्या. तेच किस्से आता लिहायला बसले, तर मला एकदाही हसू आलं नाही.

परी माझी धाकटी बहीण, तीन वर्षांची. आई आणि पप्पा दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊसतोडीला जातात, ते गुढीपाडव्याच्या पुढंमागं परत येतात. मागच्या वर्षी त्यांनी परीला सोबत नेलं होतं. उसाच्या फडातल्या पहाटेच्या थंडीनं तिला न्यूमोनिया झाला. म्हणून या वर्षी तिला आजी, आबा आणि माझ्याजवळ ठेवलं. निघताना आईनं घरातला एक फोन आमच्याकडं दिला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढून ती म्हणाली, "फोन हाय की. रोज दिसन मी तिला. इसरायची न्हाई ती मला."

आम्हा सगळ्यांना तेच वाटलं होतं.

*

पहिला किस्सा आबांचा. आबांना गोष्ट सांगायची हौस. पण त्यांची गोष्ट सुरू व्हायला वेळ लागतो. आधी खोकतात, मग पाणी मागतात, मग राजा कुठल्या गावचा यावर दोन वाक्यं बोलतात. परी त्यांच्या मांडीवर बसून ऐकत होती. ऐकता ऐकता ती आबांच्या छातीवर, उजव्या बाजूला खाली, बोट टोचायला लागली.

"कावून टोचतीस गं?" आबांनी विचारलं.

तरी ती टोचतच होती. मला कळलं. मी म्हणाले, "आबा, ती तुमची जाहिरात पुढं ढकलायलीय!"

ओट्यावर हा किस्सा इतका चालला की शेजारच्या सुमनकाकूंनी तो माहेरी जाऊनही सांगितला. आबाही हसले. पण त्यानंतर त्यांनी परीला गोष्ट सांगितली नाही. ती जवळ आली की स्वतःच फोन हातात द्यायचे. म्हणायचे, "आमच्यापरीस हेच भारी सांगतंय बाबा."

*

जेवणाचं तर विचारूच नका. समोर फोन असल्याशिवाय परी तोंड उघडायची नाही. एके दिवशी सकाळपासून लाइट नव्हती आणि फोन पार मेला होता. आजीनं वरणभात कालवला आणि एक युक्ती केली. बंद फोन परीसमोर डब्याला टेकवून ठेवला, स्वतः त्याच्या मागं बसली आणि कार्टूनमधल्या मांजरासारखा आवाज काढून गाणं म्हणायला लागली. आयुष्यात देवळातसुद्धा मोठ्यानं न गाणारी आमची आजी!

परीनं काळ्या काचेकडं बघितलं. मग मान वाकडी करून मागं आजीकडं बघितलं.

"आजी," ती म्हणाली, "नेट न्हाई."

आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

*

अंगणवाडीत परीचा मोठा बोलबाला होता. कांताताई चित्रांचे तक्ते दाखवायच्या तेव्हा बाकीची लेकरं बोटं चोखत बसायची. आमची परी मात्र उभी राहून सांगायची, "ई फॉर एलिफंट! जी फॉर जिराफ!" न्यायला आलेल्या बाया म्हणायच्या, "लई हुशार गं बाई वैशीची बहीण!" मला उगाच ताठ चालावंसं वाटायचं.

एकदा मी तिला आणायला गेले होते, तेव्हा आमचीच शेळी दावं तोडून माझ्या मागं मागं अंगणवाडीत शिरली. परीनं तिच्याकडं बघून असा काही टाहो फोडला! "भालू! भालू आया!" म्हणत ती कांताताईंच्या पदरात घुसली.

बाया हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. एकट्या कांताताई हसल्या नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं. "जी फॉर जिराफ सांगती, हत्ती वळखती, अन् घरच्या शेळीला भिती व्हय गं? तिच्याशी घरात बोलतं का कुणी?"

आमच्या घरात दिवसभर आवाज असायचा. पण तो आमच्यापैकी कुणाचा नसायचा.

*

शाळेतला किस्सा मात्र परीचा म्हणावा की सरांचा, ते तुम्हीच ठरवा.

आमच्या शाळेत पालकांची सभा होती. विषय फळ्यावर लिहिला होता, 'मुले आणि मोबाइल'. आबा आले होते आणि त्यांच्या कडेवर परी. सर फार तळमळीनं बोलत होते. मोबाइलनं डोळे जातात, झोप जाते, लेकरं हट्टी होतात. मागं बसलेले दोघं तिघं पालक ते भाषण मोबाइलवर शूट करत होते.

मध्येच परीनं भोकाड पसरलं. आबांनी बिस्किट दिलं, पाणी दिलं, बाहेर नेऊन आणलं. काही उपयोग नाही. सरांना बोलता येईना. शेवटी ते समोर आले, खिशातून स्वतःचा मोबाइल काढला, कार्टून लावलं आणि तिच्या हातात दिला. "घे बाळा."

परी गप्प झाली. सर फळ्याजवळ गेले. "तर मी काय सांगत होतो? आपण मोठ्यांनी धीर धरला पाहिजे. बाकीच्या सूचना ग्रुपवर टाकतो."

टाळ्या वाजल्या!

*

आता हा किस्सा मी ओट्यावर कधीच सांगितला नाही.

आई संध्याकाळी फडातून कोपीवर, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपडीत, आल्यावर, चूल पेटवायच्या आधी, व्हिडिओ कॉल करायची. सुरुवातीला परी काचेचे मुके घ्यायची. पण पुढं पुढं त्या वेळी तिचं कार्टून चालू असायचं. आईचा फोन आला की मांजर गायब व्हायचं. परीला हिरवं बटण माहीत होतं आणि लालही. ती लाल दाबायची.

आई पुन्हा लावायची. परी पुन्हा कट करायची. मी स्वयंपाकातून हात पुसत येईपर्यंत तीन चार कॉल गेलेले असायचे. शेवटी मी उचलला की आई आधी माफी मागितल्यासारखं बोलायची, "हितं रेंजच न्हाई गं. सारखा कट व्हायलाय. लेकरू वाट बघत असंल ना?"

आजी माझ्याकडं बघायची, मी आजीकडं. "हो आई," मी म्हणायचे, "वाट बघत बसलीय."

*

शेवटी मी स्वतःहून कांताताईंना सगळं सांगितलं आणि काय करू ते विचारलं. त्या म्हणाल्या, "फोन फेकून नको देऊ. तेवढ्यातच तिची आई हाय. कार्टून काढून टाक अन् फोन फक्त आईसाठी ठेव. आईला सांग, नुसतं 'जेवलीस का' नको इचारू. तिला बैल दाखव, चूल दाखव, बोलतं कर."

पहिले काही दिवस परीनं घर डोक्यावर घेतलं. आबांनी तर माझ्याशी बोलणंच सोडलं होतं. पण हळूहळू जमलं. आई तिकडून बैल दाखवायची, बैलांसाठी उसाच्या हिरव्या वाढ्याची पेंडी दाखवायची, भाकरी थापताना फोन पप्पांच्या हातात द्यायची. परी फोनला नाक लावून बघायची. "आई, बैल काय खातंय? आई, धूर कावून येतोय?" मांजराची हिंदी गेली आणि तिच्या तोंडात आईची बोली आली. दिवसभर ती आईच्याच गोष्टी करायची. संध्याकाळ झाली की स्वतः फोन आणून माझ्यापुढं धरायची.

आजीनं देवाला नारळ फोडला. आम्हाला वाटलं, सगळं ठीक झालं.

*

पाडव्यानंतर टोळी आली. आई ट्रॉलीतून उतरली ती बोचकं तिथंच टाकून घराकडं पळत आली. उन्हानं रापलेली, हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे, अंगाला फडाचा वास. "परे!" म्हणून तिनं हात पसरले.

परी माझ्या मागं लपली.

"अगं आई हाय ती," मी म्हणाले. आजी म्हणाली, आबा म्हणाले. परी मान हलवत राहिली. आईनं आणलेली बांगडी तिनं घेतली, पण कडेवर गेली नाही. आईनं जबरदस्ती केली नाही. दुपारभर ती उंबऱ्याजवळ बसून राहिली. मधून मधून डोळे पुसत होती.

संध्याकाळ झाली. परीनं नेहमीप्रमाणं फोन आणून माझ्यापुढं धरला. "आईला लाव."

मी आईकडं बघितलं. आई उठली, पप्पांचा फोन घेतला आणि घरामागं गेली. जरा वेळानं फोन वाजला. परीनं हिरवं बटण दाबलं आणि तिचं तोंड फुललं.

"आई!"

"काय करती गं माझी परी?" आईचा आवाज फोनमधूनही येत होता आणि भिंतीपलीकडूनही.

परीनं उंबऱ्याकडं एकदा बघून घेतलं. मग फोन तोंडाजवळ धरून हळूच म्हणाली, "आई, आपल्या घरी एक बाई आलीय."

मग आईनं विचारलं, "कशी हाय बाई?"

"चांगली हाय. मला बांगडी दिली. पर रडती." परी फोनच्या आणखी जवळ गेली. "आई, तू ये ना. तू आली की मंग ती तिच्या घरी जाईल."